डाव्या कोपऱ्यातली पकड

यंदाच्या यात्रेत, कबड्डीच्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या चढाईला माझ्या धाकट्या बहिणीने समोरच्या मुलीचा घोटा पकडला, तिला खाली पाडले आणि सोडून दिले. ती मुलगी सरपटत मध्यरेषेला पोचली. तोवर सामना बरोबरीत होता. आमचे गाव एका गुणाने हरले.

बहीण अकरावीत आहे. गावच्या क्रीडा मंडळाच्या मुलींच्या संघात ती डाव्या कोपऱ्यात खेळायची. कोपऱ्यातल्या खेळाडूचे काम घोटा धरण्याचे. एकदा धरला की पंचांची शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही. हे तिला वडिलांनी शिकवले. लष्करातून निवृत्त झाल्यापासून तेच संघाला शिकवतात. गाव त्यांना मेजर म्हणते. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून.

रग्बी आमच्याकडे अलीकडे आली. पाचगणीच्या एका शाळेतले क्रीडाशिक्षक सुटीच्या दिवशी जवळच्या शिरवळला येऊन शिकवू लागले. त्यांना कबड्डीच्या मुली हव्या होत्या, कारण त्यांना पाडायची आणि पडायची भीती नसते. मुलींचा हिशेब वेगळा होता. कबड्डीत जिल्ह्याच्या संघासाठी गावोगावच्या मुली येतात; रग्बीत तेवढ्या येत नाहीत. बहिणीला पोलिसात जायचे आहे आणि भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात. कबड्डी मात्र तिला सोडायची नव्हती.

रग्बीत तिची अडचण एकच होती. ज्या मुलीच्या हातात चेंडू तिला पाडायचे, पण ती जमिनीवर आली की लगेच सोडायचे. बहीण सोडत नसे. तिच्याविरुद्ध शिट्टी व्हायची. जिल्हा संघाची निवड जवळ आली तेव्हा शिक्षकांनी तिला सांगितले, की हे सुधारले नाही तर घेता येणार नाही. तिने ते घरी वडिलांना सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून वडील सकाळी उशी काखेत घेऊन अंगणात पळू लागले. बहीण त्यांना पाडायची.

"सोड!" पडता पडता ते ओरडत.

"सोडलं की! तुमीच उशी सोडत न्हाई, आबा. पडल्यावर चेंडूबी सोडायचा असतुया."

शेजारच्या काकू कुंपणापाशी थांबल्या. "आवं मेजर, फौजेतनं धड आलासा, आन् आता पोरीच्या हातनं हाडं मोडून घेताय व्हय?"

"मोडत न्हाईत वैनी. रग्बी हाय."

"मग रोज हाय का? पोरांना बघाय घिऊन येते."

यात्रेपर्यंत हे रोज चालले. त्यानंतर तो अंतिम सामना झाला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष वडिलांपेक्षा वयाने मोठे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

"दोन दगडांवर पाय ठिवून कबड्डी हुत न्हाई," आप्पा म्हणाले. "रग्बीला जाणारीनं मंडळाकडनं खेळायचं न्हाई."

"तिची चूक न्हाई," वडील म्हणाले. "सोडायला मीच शिकवलं."

"तुमी? खाताय आमच्यात, आन् आंचवताय त्येंच्यात?"

"मग मेजरलाच बाहेर बसवा की," मागून कोणीतरी म्हणाले. लोक हसले. आप्पा हसले नाहीत.

बहीण दारात उभी होती. "आप्पा, मला दोन्ही खेळायचंय. पुन्हा घोटा न्हाई सुटायचा."

"कशावरनं?"



ठराव झाला. विरोधात हात वर केला तो एकट्या वडिलांनी. त्यांना प्रशिक्षक म्हणून काढले नाही. त्यांनीही सोडले नाही.

निवड साताऱ्याला होती. मी गाडी घेऊन गेलो. बहिणीबरोबर कबड्डीच्या संघातल्या आणखी तिघी आल्या. त्यांतल्या उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने रग्बीचा चेंडू कधी हातात धरला नव्हता.

"तू गं कशाला आलीस?" बहिणीने गाडीत विचारले.

"तुझ्या जागी डाव्या कोपऱ्यात कुनीतरी ढ पोरगी बसवणार म्हनं. मग उजव्यानं एकटीनं काय धरायचं?"

"आगं, पन तुझंबी नाव जाईल."

"जाऊदे. बघ, चेंडू कसा धरत्यात ते सांग आदी."

चाचणीत बहिणीने ज्यांना पाडले त्यांना सोडले. तिच्याविरुद्ध एकदा शिट्टी झाली, ती दुसऱ्या कारणासाठी. तिची निवड झाली. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला पुढच्या वर्षी या, असे सांगण्यात आले. बाकी दोघींना राखीव ठेवले.

ठराव चौघींनाही लागू झाला. वडिलांनी आप्पांकडे जाऊन तो मागे घ्यायला सांगितले. आप्पांनी चहा दिला, ठराव मागे घेतला नाही. उरलेल्या मुलींचा सराव वडील घेत राहिले.

पुढच्या महिन्यात आटपाडीला कबड्डीच्या स्पर्धा झाल्या. आमच्या गावचा मुलींचा संघ गेला नाही. सात जणी भरल्या नाहीत.