जादा सळ्या

गेल्या हिवाळ्यात तारापूरजवळच्या एका बंद अणुप्रयोगशाळेची भिंत कापायचं काम तीन दिवस अडलं. काँक्रीट कापणाऱ्या करवतीची तार ओवायला जिथं भोक पाडावं तिथं सळई लागत होती, आणि नकाशात ती नव्हती. ती भिंत जवळच्या दांडी गावातल्या माझ्या घरमालकांच्या गवंड्यांच्या टोळीनं बांधली होती.

इतकं दणकट बांधणारा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही. नकाशात दोन सळ्या असल्या की ते तीन घालत. कुणी हटकलं तर म्हणत, "दर्या काय नकाशा बघून येतो?" त्यांच्या अंगणातलं कोंबड्यांचं खुराडं आरसीसीचं आहे. कोंबड्या तुळशीखाली झोपतात. मी पेपरचा बातमीदार, पाच वर्षं त्यांच्याकडे भाड्यानं राहतो; भिंतीत खिळा शिरत नाही म्हणून माझं कॅलेंडर खुर्चीवर असतं. तक्रार केली की त्यांचा चेहरा खुलतो. "नाय ना जात? बग!" बायको गेल्यापासून घरात ते एकटे. टोळीतल्या सहा जणांत आता तेच उरलेत. जेवताना ते बाकीच्या पाचांची नावं घेतात आणि कुणी कुठला कोपरा बांधला ते सांगतात; ऐकायला मी असलो तर बरं, नसलो तरी चालतं.

सळ्यांचा पत्ता विचारायला एक तरुण इंजिनीअर बाई घरी आल्या, तेव्हा घरमालकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला.

"बाय, मला आत ने. हात लावून दाखवतो. एकदा बगतो आनि येतो."

"नाही नेता येणार, काका. त्या काँक्रीटमध्ये किरणोत्सर्गी पाणी मुरलंय. तुम्हाला परवानगी मिळणार नाही."

"मंग तुमीच शोदा."

चहा झाला. मग घरमालकांनीच विचारलं, "कापनारी पोरं किती येळ असतात आत?"

"मोजून थोडाच वेळ. एक भोक चुकलं की पुन्हा आत जावं लागतं. तेवढा किरणांचा डोस अंगावर वाढतो."

"म्हंजे आमच्या सळईपायी?"

बाईंनी कप खाली ठेवला. ते माझ्याकडे वळले. "ए पेपरवाल्या, वही आन तुजी."

तासभर ते आठवून रेघा मारत होते. प्रत्येक जादा सळईशेजारी एकेक नाव लिहीत होते.

"नावं कशाला, काका?"

"कुनी बांदली ते नको कलायला?"

बाईंनी पानाचा फोटो काढला, नमस्कार केला आणि त्या गेल्या. शर्ट घरमालकांनी संध्याकाळपर्यंत बदलला नाही.

महिन्याभरात भिंत कापून झाली. तुकडे पोलादी पेट्यांत बंद केले. सळईचा बोटभर तुकडाही बाहेर देता येत नाही, असं बाईंनी फोनवर सांगितलं. पेट्या जिथं ठेवणार तिथल्या भिंती कुणी बांधल्या, असं घरमालकांनी विचारलं. बाईंना ते माहीत नव्हतं.