दिसू नये असं झाकण

लायल हॅवर्टीचा जीव दोन गोष्टींत होता: बायको नेडा आणि सत्तावन्न सालचा ट्रेलर. यात आधी कोण, हे त्याला विचारायच्या भानगडीत ट्रेलरवाल्यांच्या कॅम्पवर कुणी पडत नसे.

ॲरिझोनातल्या एका शेतावरून त्याने हे चाकांवरचं घर ओढून आणलं, तेव्हा आत कोंबड्या नांदत होत्या. नेडाने नाकाला रुमाल बांधून आतला भाग खरवडला. लायलने बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा असा घासला, की त्यात बघून दाढी करावी. हयातभर त्याने इमारतींत हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट बनवले होते, त्यामुळे पत्रा त्याचं ऐकायचा. पण निवृत्तीनंतर त्याला एक खूळ लागलं. ट्रेलर कारखान्यातून निघाला तसाच दिसला पाहिजे! शेजारच्या कॉयने आपल्या जुन्या ट्रेलरला नव्या धाटणीचं हँडल बसवलं, तर या बाबाने महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आणि नेमका जुन्या ट्रेलरांच्या मेळाव्याच्या तोंडावर त्याचा जुना गिझर फुटला.

जुन्या गिझरचा धूर छपरावरच्या धुराड्यातून जायचा. नवा गॅसचा गिझर बसवला खरा, पण तो ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूच्या झाकणातून हवा घेतो आणि तिथूनच जळका वायू सोडतो. म्हणून त्या झाकणाला जाळी असते. सोबत आलेलं जाळीचं पांढरं झाकण लायलने हातात धरून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि खोक्यात टाकलं. मग जुन्या पत्र्याचा तुकडा कापून, त्यावर तशाच पन्हळी उठवून, त्याने स्वतः झाकण घडवलं. बसवल्यावर पन्हळीला पन्हळ अशी जुळली, की झाकण कुठे आहे ते कळेना. जाळी मात्र नाही. एक भोकही नाही.

"हे गुदमरेल रे, म्हाताऱ्या," कॉय म्हणाला.

"गिझर लावताना झाकण उघडायचं. एवढं काय त्यात?"

"आणि विसरलास तर?"

"मी डक्टवाला आहे, कॉय. मला हवा शिकवू नकोस."

नेडालाही त्याने बजावलं, आधी बाहेरचं झाकण, मग आतलं बटण. ती हो म्हणाली. विषारी वायूची सूचना देणारं भिंतीवरचं प्लास्टिकचं यंत्रही त्याने त्याच दिवशी काढून, सेल उपसून, ड्रॉवरमध्ये टाकलं. सत्तावन्न साली असलं काही नव्हतं म्हणे! शहाण्या माणसाला खूळ लागलं की असं होतं. रागावावं तरी किती?

मेळाव्याच्या सकाळी गारठा होता. नेडा पहाटेपासून ॲपल पाय आणि पीच पाय भाजत होती, आत फळांचं गोड सारण भरून. थंडीत तिची बोटं आखडत. लोकांना ट्रेलर बघायला आत घ्यायच्या आधी आंघोळ उरकते म्हणून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर लायलभोवती घोळका जमला.

"गिझर कुठे आहे ते शोधा!" लायल कमरेवर हात ठेवून म्हणाला. "सापडला तर अख्खा ॲपल पाय तुमचा."

लोक पत्र्याला नाक लावून बघू लागले. एका बाईने मागची बाजू ठोकून पाहिली. लायल नुसता हसत होता. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

कॉय तळहात पत्र्यावरून सरकवत निघाला. मधेच त्याने हात झटकन मागे घेतला.

"हा बघ सापडला तुझा गिझर," तो हसला. "केवढा तापलाय!"

लायलचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. तापलाय? म्हणजे आत चालू आहे. झाकण बंद आहे. आणि नेडा...

"नेडा!"

त्याने दार ओढलं. आतून कडी. "नेडा, कडी काढ! नेडा!" आत पाणी पडत होतं, बाकी काही नाही. ज्या दाराची मूळची कडी मिळवायला त्याने तीन राज्यं पालथी घातली होती, तेच दार त्याने पहार घालून उचकटलं. पत्रा फाटला. आत दमट ऊब होती आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी नेडा टॉवेल गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर पडलेली.

त्याने आणि कॉयने तिला उचलून गवतावर आणलं. कुणीतरी आत धावून गिझर बंद केला, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "श्वास घे गं, बाई माझी, श्वास घे," लायल तिच्या गालांवर चापट्या मारत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती खोकली, कुशीवर वळली आणि ओकली. लायल लहान मुलासारखा रडला.

ॲम्ब्युलन्सवाल्या मुलीने तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क बसवला. थोड्या वेळाने नेडाने तो बाजूला केला.

"डोकं फुटतंय," ती म्हणाली.

"झाकण विसरलीस ना?" त्याचा आवाज चिरकला. "सांगितलं होतं ना मी?"

"विसरले नव्हते. उघडायला निघाले होते. खिडकीतून पाहिलं तर तू सगळ्यांना शोधायला लावत होतास. इतका खूश होतास. म्हटलं, मीच कशाला जाऊन गिझरची जागा दाखवून देऊ? पाच मिनिटांत काय होतंय..."

मुलीने मास्क पुन्हा बसवला. नेडाने डोळे मिटले, पण लायलचा हात धरून ठेवला. त्या हाताला झाकण घडवताना पत्र्याने कापलेलं अजून ताजं होतं. लायलला तिच्याकडे बघवेना.

"कॉय," तो खाली बघूनच म्हणाला, "खोक्यात ते पांढरं झाकण आहे. बसव."