बोल्टवरचा लाल ठिपका

माझी जीभ माझ्या आधी धावते, असं माझी आई म्हणायची. आता बायको म्हणते. त्या जिभेनं एका चांगल्या माणसाचं नाव मी भर रस्त्यात घालवलं. ही गोष्ट आजवर मी ज्याला सांगितली त्याला सोयीपुरती सांगितली, बाकीची गिळली. आज सगळी सांगतो.

राहायला मी बारामतीत. शाळा इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर. विषय विज्ञान. पहिलं वर्ष एसटीनं ये-जा केली. सकाळची गाडी कधी उशिरा यायची, कधी यायचीच नाही, आणि गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागं अशी अडकायची की मी पोचेस्तोवर पहिला तास निम्मा झालेला असायचा. उशिरा येणाऱ्या पोरांना मी वर्गाच्या दारात उभं करणारा मास्तर, आणि आता मुख्याध्यापकांच्या दारात मीच उभा. शेवटी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी घ्यायची, नीट करून घ्यायची आणि रोज वापरायची.

मिळाली ती भिगवणकडच्या एका दूधवाल्याची. शंभर सीसीची, चौदा वर्षं राबलेली. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे लोखंडी हूक, मागचे शॉकअप बसलेले, फाटक्या सीटवर खताच्या पोत्याचं कव्हर. उन्हात उभी केली की आंबलेल्या दुधाचा वास सुटायचा. गाडी आणलीत की डेअरी, असं बायकोनं दारातूनच विचारलं, आणि पुढं ती त्या गाडीला डेअरीच म्हणायला लागली.

गाडी कुणाकडं टाकायची हा प्रश्नच नव्हता. वालचंदनगरच्या अलीकडं फाट्यावर एक पत्र्याचं शेड आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे तात्या म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं, आधी कारखान्यात फिटर होते. आमच्या शाळेतल्या आठ-नऊ जणांच्या गाड्या तेव्हा त्यांच्याकडंच असायच्या. त्यांचं काम बघत बसावं असं होतं. काढलेला प्रत्येक बोल्ट स्टीलच्या ताटात ठेवायचे, ज्या क्रमानं काढला त्याच क्रमानं, आणि त्या ताटाला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही.

माझ्या गाडीचं इंजिन उघडलं तर रिंगा गेलेल्या, बोर खाल्लेला. तीन आठवडे काम चाललं. बोर-पिस्टन, क्लच प्लेटा, चेन, वायरिंग, शॉकअप. दुधाचे हूकही त्यांनी कापून टाकले. शाळा सुटली की मी तिथं स्टुलावर जाऊन बसायचो. शेडच्या मागंच त्यांचं घर, आणि त्यांची मुलगी माझ्याच दहावीच्या वर्गात. ती चहा घेऊन यायची, मला बघितलं की कप ठेवायची आणि पळायची. वर्गातही तशीच, मागच्या बाकावर, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी.

गाडी ताब्यात देताना तात्यांनी एकच गोष्ट बजावली. इंजिन आतून नवं आहे, पहिले पाचशे किलोमीटर दमानं चालवा, मग माझ्याकडं आणा. "पैलं ऑइल मीच बदलणार," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका, सर."

पाचशे किलोमीटर भरले एका शनिवारी. तीन आठवडे शेजारी बसून सगळं शिकलोय असा माझा समज झाला होता, वर मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ बघितलेले. रविवारी सकाळी अंगणात गाडीखाली घमेलं सरकवलं, इंजिनच्या बुडाचा बोल्ट काढला, काळं ऑइल उतरवलं. बोल्ट हातानं परत बसवला. पान्यानं आवळायचा, तेवढ्यात आतून बायकोची हाक आली, गॅस संपलाय, सिलिंडर बदलून द्या. सिलिंडर बदलला, हात धुतले, चहा घेतला, बाहेर येऊन नवं ऑइल ओतलं आणि गाडी चालू केली. काय सुरेख आवाज येत होता. दिवसभर मी माझ्यावरच खूश होतो.

सोमवारी मागं चित्रकलेचे सर बसले होते. ते बारामतीहून माझ्याबरोबरच यायचे. कालव्याच्या पुलाच्या वळणावर मागचं चाक साबणावर गेल्यासारखं घसरलं आणि आम्ही दोघंही डांबरावर. मला खरचटण्यावर भागलं. सरांचं उजवं मनगट मोडलं, चित्र काढायचा हात. गर्दी जमली, मागून येणारे आमच्या शाळेतले दोघं थांबले. कुणीतरी गाडी आडवी करून दाखवली. मागचं टायर ऑइलनं माखलेलं, इंजिनच्या बुडाला बोल्टच नाही, नुसतं भोक.

आणि मी बोललो. "तात्यानं बोल्ट आवळलाच नाही. माणसं मारायला बसलाय का हा?"

खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही, हे मात्र खरं. त्या घटकेला रविवारचं घमेलं माझ्या डोक्यात आलंच नाही. राग आला, आणि रागाला पहिलं जे तोंड दिसलं त्याच्यावर तो गेला.

सरांना दवाखान्यात पाठवून आम्ही पिकअपमध्ये घालून गाडी शेडवर नेली. माझ्याआधी ते दोघं सहकारीच तात्यांना बोलायला लागले, आणि चांगलंच बोलले. तात्या गाडीपाशी बसले. बोल्टच्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, बोटावरचं ऑइल उजेडात धरून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघत होतो. फडक्याला बोट पुसत ते म्हणाले, काम परत करून देतो, आणि सरांच्या हातासाठी काय करायचं ते सांगा.

संध्याकाळी उजेड असतानाच घरी आलो. अंगणात घमेलं तसंच पडलेलं. काळं ऑइल ओतून द्यायला ते तिरपं केलं, तर तळाशी बोल्टखाली बसायचा तांब्याचा वायसर. म्हणजे बोल्ट मी त्याच्याविनाच लावला होता. सगळं एकदम आठवलं, सिलिंडर, चहा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला पाना. तो पाना अजून तिथंच होता.

उद्या सांगू, असं म्हणून झोपलो. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर स्टाफरूममध्ये निकाल लागलेला. तात्याचं वय झालं, डोळे गेले, आता त्याच्याकडं गाडी टाकायची नाही. माझ्या कोपरावरची पट्टी बघून मुख्याध्यापकांनी मला खुर्ची दिली. सर प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आले आणि माझ्याबद्दल एक वावगा शब्द बोलले नाहीत. त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं सांगणार? मग परवा सांगू, मग परीक्षा झाल्यावर सांगू. माझी गाडी मी बारामतीच्या एका गॅरेजला टाकायला लागलो. बाकीच्यांनीही तात्यांना सोडलं.

पुढच्या महिन्यात गावातल्या एका दुकानापुढं उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनावर मला लाल ठिपका दिसला. निम्मा बोल्टवर, निम्मा इंजिनवर. चौकशी केली तेव्हा कळलं, तात्या हल्ली प्रत्येक बोल्ट आवळला की त्याच्यावर मुलीच्या नेलपॉलिशचा ठिपका देतात. बोल्ट कुणी हलवला की ठिपका फुटतो. कुणी आळ घ्यायला नको. मग काय, मला ते ठिपके सगळीकडं दिसायला लागले. एसटी स्टँडपुढं, भिगवणला मासे आणायला गेलो तर तिथं, आमच्या शिपायाच्या गाडीवर. शिपायानं तेवढं तात्यांना सोडलं नव्हतं. त्याची गाडी रोज माझ्या गाडीच्या शेजारी लागायची.

फेब्रुवारीत दहावीचे प्रात्यक्षिकाचे मार्क भरायची वेळ आली. वीसपैकी. बहुतेक शाळांत हे मार्क हात सैल सोडून देतात, मी देत नाही. माझ्याकडून कुणाला सतराच्या वर मिळाले नव्हते, आणि त्याचा मला गर्व होता. तात्यांच्या मुलीची प्रयोगवही हातात आली. वरचं नाव वाचलं, वही न उघडताच पहिल्या पानाच्या कोपऱ्यात वीस लिहिले आणि खाली सही ठोकली. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला हलकं वाटलं. आपण काहीतरी परत केलं, असं वाटलं.

त्याला दीड वर्ष होऊन गेलं. गेल्या महिन्यात शिपाई निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी त्यानं सहज म्हटलं की तात्या शेड बंद करायचं म्हणतायत, गिऱ्हाईक उरलं नाही. मी शाळा सुटल्यावर सरळ फाट्यावर गेलो. तात्या एकटेच होते. स्टूल होतं तिथंच होतं, पण मी बसलो नाही. "तात्या, तो बोल्ट मीच सैल ठेवला होता," मी म्हणालो. "आदल्या दिवशी ऑइल मी बदललं होतं."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पाचशे किलोमीटर पळालेलं ऑइल काळं असतंय. माझ्या बोटाला लागलं त्ये कोरं हुतं."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी विचारलं. बोटावरचं ऑइल बघितलं तेव्हाच त्यांनी ओळखलं असणार आणि तरी बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा, असंच मी जवळजवळ दोन वर्षं धरून चाललो होतो. किती वेळा मनातल्या मनात त्यांना हात जोडले होते.

"पोरगी तुमच्या वर्गात हुती, सर. मार्क तुमच्या हातात."

मोठेपणा वगैरे काही नव्हता. माणूस मला भ्याला होता. मी स्टुलावर बसलो.

मला सांगून उपयोग नाही, ते म्हणाले, जिथं बोलला तिथं सांगा. मी हो म्हटलं. मग त्यांनी पान्याशी चाळा करत जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती. मुलगी आता बारावी सायन्सला, बारामतीच्या कॉलेजात. सरांनी वीसपैकी वीस दिले म्हणून हट्टानं सायन्स घेतलेलं. आता तिथं अडतंय, घरी आली की रडते, सोडू का म्हणते. "म्हणून इचारतो," तात्या म्हणाले. "त्ये वीस तिचं हुतं का, का बोल्टाचं हुतं?"

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. जिभेवर आलंही होतं. पण त्या होकारावर त्यांनी मुलीचं पुढचं वर्ष ठरवलं असतं. मी सांगितलं की मी वही उघडलीच नव्हती.

तात्या उठले, घरात गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन आले. "आता बगा," म्हणाले.

मी पहिल्या पानापासून बघितली. आकृत्या जेमतेम, अक्षर बरं. चार प्रयोगांत आकडे चुकले होते. अशा वेळी पोरं पुस्तकातला आकडा बघून लिहितात, वर्षानुवर्षं बघतोय मी. हिनं आला तोच आकडा ठेवला होता, आणि चारही ठिकाणी खाली पेनानं लिहिलं होतं: उत्तर बरोबर आलेलं नाही, मोजताना माझी चूक झाली असावी. मला वही पुढं उलटवेना. पंधरा वर्षांची पोर शाईनं स्वतःची चूक लिहीत होती, त्याच दिवसांत मी स्टाफरूममध्ये खुर्चीत बसून सहानुभूती घेत होतो.

"किती?" तात्यांनी विचारलं.

"सोळा. आणि तिला सायन्स सोडू देऊ नका. रविवारी माझ्याकडं पाठवा, मी शिकवतो."

"सोळा तिचं," तात्या वही गुंडाळत म्हणाले. "मंग वरचं चार तुमचं. त्ये तिला तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभा राहून बोल्टचं सगळं सांगितलं. कुणी डबा उघडेना. चित्रकलेचे सर उठून बाहेर गेले, आणि तेव्हापासून ते एसटीनं जातात. त्यांचा राग मला मान्य आहे. दोघांनी गाड्या परत तात्यांकडं टाकल्या, बाकीचे बघू म्हणाले. माझी डेअरी मीही टाकली. तिच्या बोल्टवर आता ठिपका आहे.

रविवारी मुलगी आली. बारावीचं पुस्तक आणि ती जुनी वही, दोन्ही घेऊन. वही का आणलीस म्हटलं तर म्हणाली, बाबांनी न्यायला सांगितली. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता. बोल्टचं सांगितलं, तिच्या वडिलांच्या गप्प बसण्याचं सांगितलं, न उघडलेल्या वहीचं आणि आता दिलेल्या सोळाचं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. बायकोनं चहा आणून ठेवला, तो तिनं घेतला नाही.

मग तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. कोपऱ्यातल्या वीसवर पेनानं एक सरळ रेघ मारली, शेजारी सोळा लिहिलं, आणि वही माझ्याकडं फिरवून पेन माझ्यापुढं धरलं.

"सही करा, सर," ती म्हणाली.