पाचपैकी पंधरा

बडनेऱ्याहून शेगावला जाताना गाडीत ती माझ्यासमोर बसली होती. अकोल्याच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. कठीण प्रसंगातून नर्सेस कशा सावरतात यावर माझं संशोधन चाललेलं, म्हणून मी लगेच विचारलं, "सावरण्यात स्वतःला पाचपैकी किती गुण द्याल?"

ती एवढी हसली की हातातला चिवडा माझ्या मांडीवर सांडला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या वॉर्डातलं व्हेंटिलेटरवरचं बाळ आता स्वतः श्वास घेत होतं! तिनं किंकाळीच फोडली आणि मला उठवून चालत्या गाडीत गरागरा फिरवलं. शेजारच्या आजी टाळ्या वाजवू लागल्या.

"लिवा मॅडम, पाचपैकी पंधरा!"

धापा टाकत मी विचारलं, "आणि काल?"

"काल ते लेकरू निळं पडलं, तं मी बाथरूममधी कडी लावून रडली. माही मैत्रीण दाराबाहेर उभी होती. मधीच जाऊन माह्या पेशंटले औषध देऊन यायची, अन् पुन्हा दाराशी उभी रायची. आता तिचाच फोन होता."

अकोल्याच्या फलाटावर रात्रपाळी करून आलेली तिची तीच मैत्रीण हात हलवत होती. ही धावत उतरली. दोघी गळ्यात पडून तिथंच नाचू लागल्या. गाडी सुटली तरी मी खिडकीतून टाळ्या वाजवत होते.