खांद्याइतका पूर

जगातल्या यच्चयावत गोष्टी मारुतीच्या अंगाने मोजता येतात असं मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजायची नाशिककरांची जुनी सवय, पण ती पावसाळ्यापुरती. मामांची बारमाही. चहा किती ओतू विचारलं तर "कमरेपर्यंत" म्हणतात. आमचं लग्न ठरायच्या आधी माझ्याशी पाच मिनिटं बोलून त्यांनी हिला निकाल सांगितला होता, "अक्कल घोट्याला लागतेय. पण पाणी स्वच्छ आहे." त्या दुसऱ्या वाक्यावर माझा संसार उभा आहे.

घरी पाहुणा आला की मामा त्याला सराफ बाजारामागच्या नदीकाठच्या आळीत नेणारच. पाहुण्याला पलीकडे पंचवटीत दर्शनाला जायचं असतं. मामा त्याला अलीकडेच अडवतात. आळीतलं सगळ्यात जुनं घर दाखवायचं असतं ना! खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, मागे नांदतं घर. विशीत मामा तिथे भाडेकरू होते. मोठा पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ उरली, ती त्यांनी गेरूने पक्की केली. रेघेला खांदा लावून उभं राहायचं आणि "एवढं पाणी!" म्हणायचं, हा त्यांचा सोहळा. मी ड्रायव्हर या नात्याने तो इतक्यांदा पाहिलाय की माझं लक्ष भांड्यांकडे असायचं. समोरचे घरमालक आपलंच घर जुनं म्हणतात, त्यांना मामांचा एकच सवाल, "रेघ आहे का तुमच्याकडे?"

गेल्या महिन्यात माझ्या साडूंना घेऊन गेलो, तर मामा उंबरठ्यातच थबकले. भिंत पांढरीशुभ्र.

"मुलाचं लग्न आहे ना, मामा," घरच्या काकू ओशाळून म्हणाल्या. "रंगाऱ्याला सांगितलं होतं हो, रेघ राख म्हणून. त्याला वाटलं ओल आलीय. सकाळीच पुट्टी फिरवून गेला."

मामा खुर्चीत बसले. पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही. समोरच्या घराला आता कुठल्या तोंडाने विचारणार? मग एकदम उठले. "त्यात काय एवढं! माझ्या खांद्याला लागायची. आणा पेन्सिल."

पाठीला पुट्टी लागेल याची पर्वा न करता ते भिंतीला टेकले. मी खांद्यापाशी खूण केली.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "रेघ कोनाड्याच्या वरच्या कडेला होती. मी रोज दिवा लावते तिथे."

खूण चांगली चार बोटं खाली होती.

"कोनाडा सरकला असेल."

"कोनाडा कसा सरकेल, मामा?"

साडू काहीतरी शास्त्रीय बोलणार होते. मी त्यांचा पाय दाबला. मामांनी एकदा खुणेकडे पाहिलं, एकदा कोनाड्याकडे. इतकी वर्षं ते उभे राहत होते, रेघ हळूहळू वर चालली होती, आणि आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. मी तर नाहीच.

"जावईबापू, चपला काढा. या इकडे."

मी टेकलो. त्यांनी टाचा उंचावून माझ्या खांद्यापाशी पेन्सिल ओढली. कोनाड्याच्या कडेला तंतोतंत जुळली. काकूंनी कुंड्या रंगवायला आणलेला गेरू कालवून दिला आणि मामांनी सरळ रेघ ओढली. मग मागे सरून ती बघत म्हणाले, "यापुढे पाहुण्यांना तुम्ही आणायचं. आणि ताठ उभं राहायचं. तुम्ही वाकलात, तर माझा पूर खोटा पडेल."

तेव्हापासून मी ऑफिसातही ताठ बसतो; ही म्हणते, मानेचा पट्टा लागणार.

त्या दिवशी परतताना घाटाच्या पायऱ्यांवर मी सवयीने मामांचा हात धरायला गेलो. एरवी ते झटकतात. या खेपेला मारुती दिसेपर्यंत त्यांनी तो माझ्या हातात राहू दिला.