आईची सलग नऊ विजेतेपदं

माझ्या आईने राज्याच्या प्रौढ महिलांच्या टेनिस स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद सलग नऊ वर्षं जिंकलं. तिच्या आधी सलग चारच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि नंतरही अजून गेलेलं नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्या घरात, डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत आणि ज्या क्लबात ती इतकी वर्षं खेळली तिथे, ही एवढी साधी गोष्ट कुणी कधी पुरती बोललेलं मी ऐकलं नाही. लोक ‘तुझी आई खेळते ना काहीतरी’ म्हणायचे. त्या ‘काहीतरी’चा मला आजही राग येतो.

आई डोंबिवली पूर्वेच्या एका मराठी शाळेत पी.टी.च्या बाई होती. लहान असताना ती खो-खो खेळायची, चिपळूणकडच्या तिच्या शाळेच्या संघात. लग्नानंतर ते सुटलं. टेनिसची रॅकेट तिने पहिल्यांदा हातात धरली ती एक्केचाळिसाव्या वर्षी. मानपाडा रोडला एक क्लब आहे, तिथे शाळांच्या स्पर्धा होत्या आणि देखरेखीला शिक्षक हवे होते म्हणून ती गेलेली. सामने संपल्यावर क्लबच्या मार्करने, म्हणजे सभासदांना सराव देणाऱ्या पगारी खेळाडूने, तिला सहज चार बॉल टाकले. ती चारही बॉलांपर्यंत पोचली. मारता एकही आला नाही, पण पोचली. मार्कर म्हणाले, “बाई, पाय तुमच्याकडे आहेतच. हात मी तयार करतो.”

त्यांनी खरंच केले. सकाळी सहा ते आठ कोर्ट पुरुष सभासदांचं असायचं, म्हणून आईला पाच ते सहा मिळायचे, तेही मार्करनी आपली झोप मोडून दिलेले. सव्वासहाला ती घरी यायची, आमचे डबे भरायची आणि सातला शाळेत. बाबा वीज मंडळात होते. बाबा वाईट नव्हते, कधी आडवे आले नाहीत. फक्त ती दारातून आत आली की पेपरातून मान वर न करता विचारायचे, “झालं का तुझं बॅट-बॉल? मग चहा टाक.” पहिल्या वर्षी विचारलं तसंच नवव्या वर्षीही.

तिचा खेळ देखणा नव्हता. सर्व्हिस हळू, उंची कमी. पण ती खो-खोत बसल्यासारखी खाली वाकायची आणि कुठूनही निघायची. समोरची बाई जोरात मारून मारून थकायची आणि आई प्रत्येक बॉल कापून, अगदी जाळीपाशी टाकून द्यायची. सेहेचाळिसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा राज्य जिंकलं. मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या. पन्नाशीला वयाचा गट बदलला, तिथेही तीच. कप आले ते माळ्यावर गेले, कारण शोकेसमध्ये बाबांचं पंचवीस वर्षांच्या नोकरीचं सन्मानचिन्ह होतं आणि माझी गाण्याच्या परीक्षेची तीन प्रमाणपत्रं. माझी तिसरी श्रेणी शोकेसमध्ये आणि तिचं राज्याचं विजेतेपद माळ्यावर, जुन्या कुकरशेजारी. मी रोज त्या शोकेससमोर केस विंचरायचे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पाचव्या वर्षीची फायनल ठाण्याला होती. जिंकली तर विक्रम होणार होता. त्याच दिवशी संध्याकाळी मला बघायला लोक येणार होते. माझी आत्या आधीच येऊन बसलेली. ती म्हणाली, “वहिनी, यंदा नाही खेळलात तर काय आभाळ कोसळणार आहे?”

आई म्हणाली, “पाहुणे साडेपाचला येणार आहेत. मी पाचला येते.”

“आणि उशीर झाला तर?”

“तर तुम्ही पोहे करा.”

ती पाचला पाच मिनिटं कमी असताना आली. तोंड उन्हाने तांबडंलाल, गुडघ्याला खरचटलेलं. मी विचारलं नाही, जिंकलीस का म्हणून. मी तिच्या हातांकडे बघितलं. बाही संपते तिथपर्यंत गोरे आणि खाली एकदम काळे. मी म्हणाले, “लांब बाहीचा ब्लाउज घाल, आई. ते काय म्हणतील.” तिने घातला. पोहे केले, चहा केला, बशा फिरवल्या. मुलाच्या आईने विचारलं, “तुम्ही काय करता?” आई तोंड उघडणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “शाळेत आहे. आणि हौस म्हणून थोडं खेळते.” सगळे हसले. मीही हसले. राज्याचा विक्रम मोडून तीन तासही झाले नव्हते, आणि ती बाई आमच्या हॉलमध्ये वाकून उष्ट्या बशा उचलत होती. ते स्थळ जुळलं नाहीच. पुढे माझं लग्न कल्याणला झालं, वेगळ्या घरी. पण तो दिवस आठवला की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

त्यानंतर तिने आणखी चार वर्षं जिंकलं. दहाव्या वर्षी पोटरीचा स्नायू दुखावला आणि उपांत्य सामना अर्धवट सोडावा लागला. विक्रम नवावर थांबला. ती नंतरही खेळत राहिली, दोनदा उपविजेती झाली.

क्लबचं नूतनीकरण झालं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि शाळेतून निवृत्त झालेली. उद्घाटनाला कुणी मोठा माणूस येणार होता. आईला आग्रहाचं बोलावणं आलं. ती मला म्हणाली, “तूही ये. नवा फलक लावलाय म्हणतात, क्लबच्या विजेत्यांचा.” तिने इस्त्री करायला दिलेली साडी मी पाहिली. वर्षभर लग्नाकार्यालाही न काढलेली. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं.

आम्ही पोचलो तर सेक्रेटरी दारातच होते. म्हणाले, “बरं झालं वहिनी, वेळेवर आलात. तेवढं ताट धराल का? पाहुण्यांना ओवाळायचं आहे. बायकांत सिनिअर तुम्हीच.” आणि आईच्या हातात निरांजनाचं ताट ठेवलं. ती उभी राहिली. मी आत फलक बघायला गेले.

काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. अठरा की वीस नावं. मी दोनदा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं. आईचं नाव नव्हतं. सेक्रेटरींचं होतं, दोन ओळींत. प्रौढ दुहेरी, म्हणजे वेटरन्स, जिल्हा उपविजेते.

मी बाहेर येऊन त्यांना गाठलं. “काका, आईचं नाव कुठंय?”

“अगं, जागा कमी पडली. आणि वेटरन्सचं आपण धरलं नाही.”

“तुमचं वेटरन्सच आहे.”

“ते जिल्ह्याचं आहे.”

“आईचं राज्याचं आहे. नऊ वर्षं.”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, आता तमाशा नको. महिला दिनाला आम्ही वहिनींचा वेगळा सत्कार करतोय. साडी, नारळ, सगळं.”

मला हात उचलावासा वाटला. खरंच सांगते, माझा हात उचलला गेलेला. तेवढ्यात गाडी आली, ते पळाले, आणि समोर माझी आई पाहुण्याला ओवाळत होती. कुंकू लावलं, निरांजन तीनदा फिरवलं, बाजूला झाली. पाहुण्याने ताटात नोट टाकली.

परतताना रिक्षात मी तिच्यावरच तुटून पडले. “ओवाळलंस कशाला? फेकून द्यायचं ना ताट तोंडावर.”

“त्या माणसाचा काय दोष? त्याला काय माहीत मी कोण.”

“तेच तर. त्याला सांगायला हवं होतं तू कोण.”

“मला फलकाचं कळलं तेव्हा ओवाळून झालं होतं,” ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, “आणि तुझा हा राग मला आता नको. मला हवा होता तेव्हा तू कुठे होतीस? मी नऊ फायनल जिंकल्या. तू किती बघितल्यास?”

एक. सातवी, आणि तीही ठाण्यात खरेदी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज लिहिला. फळ्यावर लिहावा तसा ठळक अक्षरांत, नऊ विजेतेपदांच्या नऊ ओळी, सोबत नऊ प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. मला हात लावू दिला नाही. कमिटीच्या सभेला मात्र मला घेऊन गेली, आणि तिथे खडवलीहून मार्कर आले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, सभासद तर कधीच नव्हते. कुणीतरी म्हणालंही, हे इथे कसे. ते उभेच राहिले आणि नऊ फायनलचे स्कोअर एकामागून एक सांगितले, कागद न बघता. कुठली टायब्रेकला गेली तेही. संपल्यावर म्हणाले, “या कोर्टावर मी तीस वर्षं लोकांना खेळवलं. विजेती एकच बघितली.”

महिन्याभराने फलकावर नाव आलं. सगळ्यांत खाली, एक ओळ. ‘सौ.’ लावून, बाबांच्या नावासकट. प्रौढ महिला, राज्य विजेत्या. नऊ नाही, सलग नाही, विक्रम नाही.

आईने सेक्रेटरींना विचारलं, “आणि नऊ?”

“वहिनी, प्रत्येकाला एकच ओळ द्यायचं ठरलंय.”

“तुम्हाला दोन आहेत.”

आईने तिथेच कागद मागून घेतला आणि सभासदत्वाचा राजीनामा लिहिला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “फलक त्यांचा आहे, ते ठरवणार. एवढं काय त्यात.” मी आठ दिवस बाबांशी बोलले नाही. आई बोलली. तिने त्यांना सांगितलं, “उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही करायचा.” ते करतात. पाणचट होतो, पण करतात.

आता ती ठाकुर्लीला एका संकुलातल्या कोर्टावर खेळते. तिथे तिने आठ-दहा बायका जमवल्यात, तिशी-चाळिशीतल्या, कधी काही न खेळलेल्या. त्यांना ती सकाळी सहा ते आठ या वेळेतच शिकवते. दुसरी वेळ घ्या म्हटलं की सरळ नाही म्हणते.

साठी पार केल्यावर गेल्या वर्षी ती पुन्हा राज्य स्पर्धेत उतरली. मी रजा काढून गेले. दुसऱ्या फेरीत नाशिकच्या एका बाईंनी तिला तिसऱ्या सेटमध्ये हरवलं. मी टॉवेल पुढे केला, म्हणाले, “छान खेळलीस.”

“कुठे छान?” ती धापा टाकत होती, डोळे लाल झालेले. “सगळे बॅकहँड आखूड पडले. त्या बाईला सोप्पं देत होते मी. काही बोलू नकोस आत्ता.”

तिने रॅकेट पिशवीत कोंबली, चेन अडकली तशी जोरात ओढली, आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारायला टेबलाकडे गेली.