मिस्त्रींची हवा

कुठल्याही यंत्राला काही झालं की मिस्त्रींचं निदान ठरलेलं: "हवा." पंप बसला, हवा. घड्याळ मागे पडलं, हवा. स्वतःचे गुडघे धरले, तर हवा. चाळीस वर्षांच्या धंद्यात आपल्या हातून चूक झाल्याचं त्यांना एकदाही आढळलं नव्हतं. इतकं निर्दोष आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

वडिलांचा साठ वर्षांचा ट्रॅक्टर मात्र महिनाभर मुका होता. बायको त्याला सवत म्हणे. "सवत निदान भांडते तरी," ती जेवताना एवढंच म्हणाली, आणि मिस्त्री भडकले, "रविवारी दुपारपर्यंत सुरू झाला नाही, तर माझ्या हाताने भंगारात देईन!"

समोर घास घेत बसलेल्या मेहुण्याचा धंदाच भंगाराचा. त्याने पाहुण्यासारखा संकोच केला नाही. रविवारी सकाळी ट्रक आणि साखळ्या घेऊन तो दारात हजर.

"दाजी, सावकाश होऊ द्या. मी बसतो."

मिस्त्रींनी हँडल मारलं. पुन्हा मारलं. दम लागला, पण ठिणगी नाही. "यंदा हवाच दमट आहे."

"शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर नुसत्या पत्र्याखाली असतो. रोज सुरू होतो," बायको म्हणाली. "त्यांची हवा वेगळी येते का?"

मग तिने बाजूला पडलेलं जाड प्लास्टिक उचललं. थंडीभर मिस्त्रींनी ट्रॅक्टर त्यात तान्ह्या बाळासारखा गुंडाळला होता, वारा शिरायलाही फट ठेवली नव्हती. आतल्या बाजूने थेंब ओघळत होते.

"अहो, याला आतून घाम फुटलाय!"

जमिनीची ओल वर चढून आतच कोंडली होती आणि थंडीत तिचं पाणी झालं होतं. ठिणगी देणारा मॅग्नेटो चिंब भिजला होता. मिस्त्रींनी तो काढला. वाळायला त्याला मंद ऊब हवी होती, आणि घरातला एकुलता एक ओव्हन बायकोचा. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"कशाने भिजला ते सांगा, मग दार उघडते."

"हवे..."

"कशाने?"

बाहेर साखळ्या खळखळल्या.

"प्लास्टिकने."

"ते काय आपल्या पायाने चालत आलं?"

मिस्त्रींनी छताकडे पाहिलं. छताने मदत केली नाही. "मी गुंडाळलं. चुकलं माझं."

"जरा मोठ्याने. भावाला ऐकू जाऊ दे."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. ओव्हन उघडला.

दुपारी बाराला दहा कमी असताना ट्रॅक्टर खोकला, शिंकला, वाळत घातलेल्या चादरींवर काळा धूर सोडून धडधडू लागला. मेहुण्याने साखळ्या ट्रकमध्ये टाकल्या. "अभिनंदन, दाजी. आता बंद करा, कान फुटले."

"जरा गरम होऊ दे," मिस्त्री म्हणाले.

ट्रक वळणापलीकडे गेला, तरी ते गरमच करत होते. बंद केला तर पुन्हा सुरू होईल, याची त्यांना अजिबात खात्री नव्हती. बायकोने ते ओळखलं आणि जेवणाचं ताट सीटवर आणून दिलं.